आते-मामे चालतं

कुत्र्यांच्या जोडीच्या दिवशी घरात मोठ्याने बोलायचं नाही, हा अण्णांचा नियम अण्णा गेल्यावरही पाळला जात होता. म्हणून धाकटी फाटक लोटून अंगणात आली तेव्हा तिला कुणी हाक मारली नाही. वहिनी नळाखाली थाळ्या धूत होती, तिने ओला हात नुसता वर केला. घरादाराने पाळलेला तो नियम एकटा ढोल्या धाब्यावर बसवत होता. सावरी कुत्री माजावर आली की त्याला मागच्या खोलीत कोंडावं लागे, आणि कोंडलं की अस्वलासारखा केसाळ हा गडी तान्ह्या पोरासारखा गळा काढी.

धाकटीला ते रडणं ऐकून बरं वाटलं. या घराचा तो आवाज होता. अण्णांशी भांडून ती बाहेर पडली, त्यानंतर एकदाच इथे आली होती, अण्णांना पोचवायला, आणि त्या दिवशी कुत्रीसुद्धा गप्प होती. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. दादाने ‘थांब’ म्हटलं नाही, आणि का म्हणावं त्याने? माणसांच्या हौसेसाठी तुम्ही जनावरं घडवता आणि रस्त्यावरची उपाशी मरतात, असं भर जेवणात बोलून उठलेली बहीण ती. अण्णांनी तेव्हा आवाज चढवला नव्हता. ‘मग जा, रस्त्यावरची सांभाळ,’ एवढंच म्हणाले होते. बाप हट्टी आणि लेक बापाच्या वरताण. ती खरोखरच गेली.

आता आईचा फोन आला म्हणून ती आली होती. सावरीचं हे शेवटचं वेत, अण्णांनी स्वतः ठरवलेली जोड, तू ये, असं आई म्हणाली होती. या घरात जोडीच्या दिवशी घरच्या सगळ्यांनी हजर असायचं, हीसुद्धा अण्णांचीच रीत. म्हणजे आईने तिला पुन्हा घरच्यांत धरलं होतं. त्या सुखाने धाकटीला दोन रात्री झोप आली नाही. झोप न येण्याचं दुसरं कारण आत्ता तिच्या डाव्या पिंढरीला खांदा लावून उभं होतं.

त्या कारणाचं नाव झिपरी. नावात झिपऱ्या होत्या, अंगावर मात्र एकही नव्हती. आदल्याच दिवशी धाकटीने तिला पार कातडीपर्यंत भादरून आणलं होतं. केस होते तोवर ती कुणाची हे आंधळ्यालाही कळलं असतं. आता ती नुसती गुडघ्याएवढी, गुलाबी कानांची, ओशाळलेली कुत्री दिसत होती.

“ही कुणाची गं?” वहिनीने हळूच विचारलं.

“रस्त्यावरची,” धाकटी म्हणाली.

वहिनीने मान डोलावली. धाकटीच्या तत्त्वांना शोभेसंच होतं ते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं धाकटीला वाटलं की वहिनी जरा जास्त वेळ बघते आहे. पण ती पुन्हा थाळ्यांकडे वळली.

खरी गोष्ट अशी होती की झिपरी याच घरची होती. सावरीच्या पहिल्या वेतातली, याच अंगणात जन्मलेली. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथल्या एका सहकारणीला तिने गिऱ्हाईक म्हणून पाठवलं होतं, आणि ती बया पिल्लू घेऊन आली तेव्हा दादाचं सगळं भाषण पाठ करूनच आली होती. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला फाटकात उभं करून जे सांगत, तेच आता दादा सांगत असे: पहिल्या रात्री रडेल, उचलू नका. फडकं उशाशी ठेवा. नाही जमलं तर परत आणा, का ते विचारणार नाही.

फडकं म्हणजे आईच्या अंथरुणाचा तुकडा. पिल्लाबरोबर तो द्यायचाच, म्हणजे नव्या घरात त्याला आईचा वास येतो. पण या घरात कुत्र्यांना अंथरायला जुन्या चादरी असत, आणि त्या चादरी धाकटीच्या आईच्या असत. सहकारणीने पिशवीतून पिल्लू काढलं, मग फडकं काढलं, आणि धाकटीने आधी फडकं घेतलं. फिकट हिरवं, पिवळ्या चौकड्यांचं. लहानपणी तापात ती याच चौकड्या मोजत पडलेली असायची. पहिल्या रात्री ते फडकं कुणाच्या उशाशी होतं, हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

पिल्लं विकणं पाप म्हणणाऱ्या बाईने पिल्लू विकत घेतलं होतं, तेही चोरून. तेवढ्यावर भागलं असतं तर ती आयुष्यभर गप्प राहिली असती. पण गेल्या वर्षी झिपरी संध्याकाळच्या वेळी अडखळायला लागली. धाकटीने डोळ्यांवरची झुलपं कापली, मग आणखी कापली. दिवसभर लोकांचे नंबर तपासणारी ती, आणि घरात दिव्याखाली अंधार. जनावरांच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत झिपरीला दुपारचंही दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं आहे, औषध नाही. आई आणि बाप दोघांकडे लपलेलं असेल तरच पिल्लात असं उतरतं. त्यांना स्वतःला काही होत नाही.

आई म्हणजे सावरी. बाप म्हणजे मागच्या खोलीत रडणारा ढोल्या. आणि आज पुन्हा तीच जोड लागणार होती. धाकटीला ती मोडायची होती, आणि आईच्या घरात परत यायचंही होतं. झिपरी कुणाची हे न सांगता दोन्ही साधेल अशी एक वेडी आशा धरून ती आली होती.

दादा आतून आला. केस विरळ झाले होते, आणि चालणं थेट अण्णांचं. बहिणीकडे त्याने एकदा पाहिलं आणि कुत्रीकडे दोनदा. “आलीस,” म्हणाला. मग सावरीला बाहेर सोडू का म्हणून विचारलं; पाहुणी कुत्री असली की आधी भेट घडवलेली बरी, नाहीतर सावरी दिवसभर फणफणत बसेल.

धाकटीला नाही म्हणता आलं नाही. सावरी आली, कापूस पिंजल्यासारखी पांढरी, वयाने जरा जडावलेली. झिपरीने नाक वर केलं. तिचं सगळं अंग थरथरायला लागलं आणि ती दोरी ताणून पुढे झाली, सरळ आईच्या पोटाकडे. सावरीने तिला हुंगलं, ओठ वर केला आणि गुरगुरून पाठ फिरवली.

“परकी आहे ना,” दादा समजुतीने म्हणाला. “होईल सवय.”

धाकटी खाली बसली आणि झिपरीचं भादरलेलं डोकं तिने दोन्ही हातांत धरलं. कुत्र्यांना नाती कळत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी तिला फार वाईट वाटलं.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. धाकटी वाकली तेव्हा आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. वाळलीस, म्हणाली. दुकानात उभं राहून पाय दुखतात का, म्हणाली. अण्णांबद्दल एक अक्षर बोलली नाही. वहिनीने चहा ठेवला. दादा पलीकडच्या खुर्चीवर बसला, आणि अण्णांची खुर्ची रिकामी राहिली, कारण त्या खुर्चीवर बसायचं कुणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

आई बोलत होती ती भिंगरीबद्दल. भिंगरी अण्णांची लाडकी कुत्री, गेल्या थंडीत गेली. रात्री झोपताना आईचा एक हात खाटेखाली लोंबत असे आणि हाताखाली भिंगरीचं डोकं असे, इतकी वर्षं. अजून हात लोंबतो, आई हसून म्हणाली, आणि मुंग्या आल्या की जाग येते. मग तिने हसणं आवरलं.

“या वेतातलं एक पिल्लू माझं. विकायचं नाही. यांच्या हातची शेवटची जोड, त्यातलं एक तरी घरात राहू दे. मला दुसरं काही नको.”

दादाने मान हलवली. वहिनीनेही. तिघंही धाकटीकडे बघू लागले.

तिने वयापासून सुरुवात केली. सावरीचं वय झालं, आता तिला त्रास कशाला. दादा म्हणाला, डॉक्टरांनी तपासलंय, अंगाने ठणठणीत आहे, आणि हे शेवटचंच. मग तिने दुसरं टोक धरलं, जे धरायचं नाही असं ठरवून आली होती.

“इतकी कुत्री दारोदार फिरतात, दादा. नवी कशाला जन्माला घालायची?”

“तुझ्या दुकानात इतके चष्मे पडलेले असतात. नवे कशाला मागवता?”

“चष्मा उपाशी मरत नाही.”

“माझंही एक पिल्लू उपाशी मेलेलं दाखव.” त्याने आवाज खालीच ठेवला होता, नियम तो नियम. “हातात पिल्लू देण्याआधी मी माणसाचं घर बघतो. रस्त्यावरचं नेतील त्यांना मी अडवलंय का? आणि ते शुद्ध रक्तवाले, त्यांच्या कुत्र्यांना धड श्वास घेता येत नाही, नाकं इतकी चेपलीत. अण्णांनी दोन घरचं रक्त एकत्र आणलं ते त्याच्यावर उतारा म्हणून. हौस म्हणून नाही.”

यात खोटं काही नव्हतं. मेंढ्यांमागे धावणारी लांब केसांची एक मोठी कुत्री आणि पाण्यात उड्या घेणारा कुरळ्या केसांचा एक छोटा कुत्रा, अशा दोघांपासून अण्णांनी सुरुवात केली होती. त्यांच्या पिल्लांना ते भाचे म्हणायचे. भाचा दोन घरचा असतो म्हणून धट्टाकट्टा, असं त्यांचं म्हणणं. पहिले भाचे होतेही तसे, दणकट आणि हसरे. पुढे लोकांना ते कुरळे केस फार आवडले. घरभर केस गळत नाहीत, मांडीवर मावतं, फोटोत छान दिसतं. प्रत्येक पिल्लू तसंच कुरळं निघावं म्हणून मग भाच्यांची भाच्यांशी जोड लागू लागली. इथपर्यंत धाकटीने घरात असताना पाहिलं होतं आणि इथेच तिचं अण्णांशी वाजलं होतं. तेव्हा तिला राग होता, पण नेमकं काय चुकतंय ते बोटाने दाखवता आलं नव्हतं.

“दोन घरचं म्हणतोस,” ती म्हणाली. “सावरी आणि ढोल्या कुठल्या दोन घरचे?”

दादा क्षणभर थांबला. “सावरी मुनीमची मुलगी. ढोल्या भिंगरीचा मुलगा.”

“आणि मुनीम-भिंगरी?”

“सख्खी भावंडं,” उत्तर आईने दिलं. कुत्र्यांच्या सोयरिका तिला तोंडपाठ होत्या. “म्हणजे भिंगरी ही सावरीची आत्या. ढोल्या आतेभाऊ. हे नेहमी सांगायचे ना, चुलत-मावस नको, आते-मामे चालतं.”

सगळ्यांनाच ते वाक्य ऐकू आलं, अण्णांच्या आवाजात. जोड ठरवताना ते बोटांवर नाती मोजत आणि गंमत म्हणून बोलल्यासारखं बोलत: हा तिच्या काकाचा, बाद. ही त्याच्या मावशीची, बाद. हा मामाचा? मग चालतं, घ्या. माणसांत कुणीतरी कधीतरी घातलेला हा नियम त्यांनी बिनदिक्कत कुत्र्यांना लावला होता. पिढ्यान्‌पिढ्या तो इतका सवयीचा झाला होता की त्यात विचारण्यासारखं काही आहे, हे टेबलाभोवतीच्या कुणाच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. धाकटीच्याही नाही. झिपरीच्या डॉक्टरने नातं विचारलं तेव्हा तिनेही ऐटीत सांगितलं होतं, नात्यातले नाहीत हो, आते-मामे आहेत. डॉक्टरने लेखणी खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं होतं.

“दादा, भिंगरी मुनीमची बहीण होती म्हणून ती आत्या,” ती म्हणाली. “तिच्या जागी भाऊ असता तर तो काका झाला असता, आणि अण्णांनी जोड बाद केली असती. बरोबर?”

“बरोबर.”

“रक्त तेवढंच ना? बहिणीचं घे नाहीतर भावाचं घे. आत्या कोण आणि काका कोण, हे आपण ठरवलं. रक्ताला कुणी सांगितलं?”

दादा हसायला लागला होता, तो अर्ध्यावर थांबला. बोटं टेबलावर उघडी ठेवून तो त्या बोटांकडेच बघत राहिला. मागच्या खोलीत ढोल्याने पुन्हा सूर लावला. वहिनी उठली आणि उगीचच गॅसवरचं भांडं हलवून आली.

“अण्णांची सगळी हयात यात गेली,” दादा म्हणाला. “त्यांना कळलं नसेल?”

त्यातली विनवणी धाकटीला ऐकू आली. गेलेल्या माणसाला खोटं पाडायला ती आली नव्हती. एवढ्यावर जोड थांबली तर तिला हवंच होतं. पण दादा खुर्ची सरकवून उठला. इतकी वर्षं पिल्लं गोजिरी निघाली, म्हणाला, एका वाक्याचा कीस काढून आईचं मन मी मोडणार नाही. दुपार निवली की सोडतो दोघांना.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तशी टेबलाखालची झिपरी दचकून उठली. तिला धाकटीचा पाय सापडला नाही. धाकटीच्या घरात ती टेबल, पलंग, दार, सगळं मोजून चालायची, कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. इथे ती भिंतीच्या दिशेने निघाली आणि वाटेतल्या बादलीवर सरळ जाऊन आदळली. मागे वळली, आणि पुन्हा बादलीवरच आदळली.

“घाबरलीय बिचारी,” आई म्हणाली. “पाणी दे तिला. हिचं भांडं आणलंयस ना?” आणि धाकटी उठायच्या आत तिने खुर्चीला लटकवलेल्या पिशवीत हात घातला.

भांड्याऐवजी फडकं बाहेर आलं. धुऊन धुऊन विरलेलं, एका कोपऱ्याला चघळलेलं. आईने ते खिडकीच्या उजेडात धरलं. काठावर दुहेरी टीप होती. आई आपल्या हातच्या चादरीला नेहमी दुहेरी टीप घालायची, एकेरी उसवते म्हणून. तिने अंगठा त्या टिपेवरून फिरवला; ही चादर तिने सावरीच्या पहिल्या वेताला अंथरली होती. मग फडक्याची घडी घातली आणि ते मांडीवर ठेवलं.

“ही सावरीची आहे,” आई म्हणाली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकटीने दोन-तीन वाक्यांत सगळं सांगून टाकलं: सहकारीण, पिल्लू, डोळे, डॉक्टर. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती. दादाने पुढचं ऐकलंच नाही. तो पहिल्या वाक्यावरच अडकला होता.

“म्हणजे आम्हाला पापी म्हणून गेलीस,” तो सावकाश म्हणाला, “आणि तेच पाप दुसरीच्या हातून विकत नेलंस.”

“हो.”

“का?”

“मला या घरातलं काहीतरी हवं होतं, दादा. मागितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं. आणि मी मागितलंही नसतं.”

तो आणखी काही टाकून बोलणार होता, सगळ्यांना दिसत होतं ते, आणि त्याला तो हक्कही होता. पण त्याची नजर बादलीशी बसलेल्या झिपरीकडे गेली. तो गुडघ्यांवर खाली बसला. तिच्या डोळ्यांपुढे त्याने हात फिरवला. मग खिशातल्या किल्ल्या काढून तिच्या नाकासमोर धरल्या, आवाज न करता. झिपरी शेपूट हलवत त्याच्या मनगटाच्या वासाकडे बघत राहिली. तिचे डोळे मोठे, काळेभोर आणि सुंदर होते. या डोळ्यांसाठीच लोक सावरीची पिल्लं मागायचे.

“डोळ्यांत धूळ गेली असेल,” तो म्हणाला, आणि आपणच काय बोललो हे कळून त्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

तेव्हा वहिनी बोलली. धाकटीला वाटलं होतं, वहिनी नवऱ्याची बाजू घेईल; आजवर तिने दुसरं काही केलं नव्हतं. गॅसकडे तोंड करूनच तिने सांगितलं की पहिल्या वेतातल्या दोघांचे फोन तिने घेतले होते. कुत्रं धडपडतंय, म्हणत होते. तिने त्यांना सांगितलं, झुलपं डोळ्यांवर येतात, कापा. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हाही तेच सांगितलं.

“मला खरंच तसं वाटलं हो,” ती म्हणाली. “मी आपल्या ढोल्याची कापत होते ना नेहमी.”

दादा तसाच जमिनीवर बसून राहिला आणि झिपरी त्याचं मनगट चाटत राहिली. त्याच्याच हातांनी तिची नाळ पुसली होती, तिला तराजूत तोललं होतं, फडक्यात गुंडाळून परक्या बाईच्या हातात दिलं होतं. तिने ओळखलं होतं की नाही कोण जाणे. तिला सगळ्यांचीच मनगटं आवडत.

बऱ्याच वेळाने तो उठून मागे गेला. धाकटीला कुलूप काढल्याचं ऐकू आलं आणि तिचा जीव टांगणीला लागला. पण ढोल्याला त्याने गळ्यात दोरी घालून आणलं ते मागच्या दाराने, सावरीच्या वाऱ्यालाही उभं न करता, आणि गाडीतल्या पिंजऱ्यात बसवलं. आत येऊन म्हणाला, याला डॉक्टरांकडे ठेवून येतो, नसबंदी करून टाकू देत; सावरीचा माज उतरला की तिचीही. आणि त्या दोघांचे नंबर काढ, मी बोलतो त्यांच्याशी. वहिनी म्हणाली, फोन मी घेतले होते, मीच करते. वाटल्यास परत आणा म्हणून सांग, तो म्हणाला. का ते विचारणार नाही, वहिनी सवयीने म्हणाली, आणि मग दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आई यातलं काही ऐकत नव्हती. फडक्याची घडी ती उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.

“म्हणजे माझं पिल्लू नाही,” ती म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात, आणि म्हणूनच धाकटीला ते सोसवेना. अण्णांच्या हातचं शेवटचं काही तिने आईच्या मांडीवरून उचलून नेलं होतं. बरोबर तेच केलं होतं, तरी नेलं होतंच. ती आईच्या पायाशी बसली. तिला म्हणायचं होतं की मी आहे ना. पण तसं म्हणण्याइतकी ती या घरात कधी होती?

आईने हात खाली सोडला, खाटेवरून सोडायची तसा. झिपरी वासाने आली, फडक्याच्या की हाताच्या कुणास ठाऊक, आणि तिने आपलं भादरलेलं डोकं त्या हाताखाली बसवलं.

“हिला ठेवून जा,” आई म्हणाली. “हीसुद्धा यांच्याच हातची.”

धाकटीला ‘हो’ म्हणायचं होतं. आईने काही मागावं आणि आपण ‘हो’ म्हणावं यासाठी तर ती इतकी वर्षं झुरली होती. पण बादली अजून तिथेच पडली होती.

“आई, हिला माझ्या दोन खोल्या तेवढ्या ठाऊक आहेत. कुठे काय आहे ते तिने दिसत होतं तेव्हाच लक्षात ठेवलंय. इथलं तिला काहीच ठाऊक नाही. नाही ठेवता येणार.”

आईने ऐकून घेतलं. ती झिपरीच्या कानामागे खाजवत राहिली. दादा दारात किल्ल्या घेऊन उभा होता, वहिनी नंबर शोधत होती, आणि सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

“बरं,” आई म्हणाली. “कुत्रीला हलवता येत नाही. मला येतं.”

कुणालाच आधी कळलं नाही. आई उठून आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. अण्णांचं घर सोडून आई कधी कुठे मुक्कामाला गेली नव्हती. घरात पिल्लं असायची, पिल्लं नसली तर होणार असायची. वहिनी पाठोपाठ धावली. गोळ्या कुठल्या, स्वेटर कुठला, अशी कुजबुज चालू झाली. दादा धाकटीकडे बघून म्हणाला, हे तू ठरवून आलीस का? ती म्हणाली, दादा, माझ्याकडे खाट एकच आहे. खाली झोप मग, तो म्हणाला, आणि तिला तो लहानपणचा वाटला.

तो त्यांना स्टेशनपर्यंत सोडणार होता. ढोल्या मागच्या पिंजऱ्यात सगळ्या जगावर रुसून बसला. आई पुढे बसली, पिशवी मांडीवर. धाकटीने झिपरीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि ती बसणार, तेवढ्यात दादाने, जरा थांब, म्हटलं आणि तो घरात परत गेला.

आला तेव्हा त्याच्या हातात कात्री होती आणि आईच्या अंथरुणावरच्या चादरीचा एक तुकडा. आत्ताच कापलेला, कडेचे धागे अजून लोंबत होते. तो त्याने धाकटीच्या हातात दिला आणि अण्णांसारखा फाटकात उभा राहिला. काय बोलायचं ते त्याला पाठच होतं, फक्त आवाज नेहमीसारखा लागेना.

“पहिल्या रात्री रडेल,” तो आईकडे न बघता म्हणाला. “फडकं उशाशी ठेव.”

धाकटीने मान हलवली.

“आणि नाही जमलं तर या. तिघीही या. का ते विचारणार नाही.”